ग्रिप बदलूनही हाताला परत मुंग्या येतायत? मग आधी ग्रिप सोडून बाकीचं तपासा

नवीन ग्रिप लावल्या की आठ-दहा दिवस एकदम बरं वाटतं, आणि मग एक दिवस पाऊण तास सायकल चालवल्यावर करंगळीला परत त्याच मुंग्या. घरी पोचून कुलपात चावी फिरवायला जावं तर बोटांत जोरच नाही. माझं हे दोन वर्षं चाललं होतं आणि तेवढ्या काळात मी तीन जोड ग्रिप बदलल्या, आधी जाड जेलच्या, मग तळहाताखाली पंखासारखा चपटा भाग येतो त्या, मग सिलिकॉन फोमच्या, दर वेळी वाटायचं आता सुटलो आणि दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. आज मी ज्या ग्रिपवर चार-चार तास आरामात चालवतो त्या या तिनांतल्याच दुसऱ्या आहेत, ज्या मी कामाच्या नाहीत म्हणून काढून कपाटात टाकल्या होत्या. ग्रिपमध्ये खोट नव्हतीच. हातावर किती वजन येतंय आणि कुठल्या कोनातून येतंय, घोळ तिथे होता.

मग नवीन ग्रिपने आठवडाभर बरं का वाटतं? कारण नवीन ग्रिपचा आकार वेगळा, जाडी वेगळी, त्यामुळे दाब तळहातावर इंचभर इकडेतिकडे सरकतो आणि जी जागा दुखावलेली असते तिला विसावा मिळतो. पण वजन तेवढंच असतं, ते नव्या जागी बसतं आणि हळूहळू तीही जागा कुरकुरायला लागते. म्हणून ग्रिप हे सगळ्यात शेवटी बघायचं काम आहे, आणि आपण सगळे ते सगळ्यात आधी करतो, कारण ते सोपं असतं.

पहिली गोष्ट, कुठलं बोट बधिर होतंय ते नीट बघा. नुसतं 'हात बधिर होतो' म्हणून भागत नाही. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर ती अल्नार नस. ही नस मनगटाजवळ तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून एका अरुंद वाटेने जाते, त्या वाटेला गियॉनचा कॅनाल म्हणतात, गियॉन नावाच्या फ्रेंच सर्जनने 1861 मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून. तिथे नशीवर मांस फारसं नसतं, त्यामुळे हँडलचा दाब जवळजवळ सरळ नशीवर येतो. सायकल चालवणाऱ्यांमध्ये हे इतकं दिसतं की डॉक्टर त्याला 'सायक्लिस्ट्स पाल्सी' म्हणतात. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नस, ती मनगटाच्या मधोमध कार्पल टनेलमधून जाते, आणि मनगट मागे मोडून धरलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. म्हणजे करंगळीवाल्यांनी तळहाताच्या बाहेरच्या कडेवर पडणाऱ्या वजनाकडे आधी बघायचं आणि अंगठावाल्यांनी मनगटाच्या कोनाकडे. पूर्ण पंजाच बधिर होत असेल तर बहुतेक दोन्ही आहे, आणि टायर दगडासारखे फुगवलेत का तेही बघा.

दुसरी गोष्ट, जुन्या ग्रिप फेकून देऊ नका, त्या वाचा. माझी रबरी ग्रिप मी उजेडात धरून बघितली तेव्हा तिच्यावरची चौकटीची नक्षी सगळीकडे शाबूत होती, फक्त बाहेरच्या टोकापासून दोन बोटं आत आणि वरून किंचित मागच्या बाजूला रुपयाएवढा एक डाग गुळगुळीत झाला होता, तिथलं रबर चमकत होतं. उजव्या ग्रिपवर तो डाग डावीपेक्षा मोठा. म्हणजे माझा सगळा भार त्या एवढ्याशा जागेवर येत होता आणि बाकीची ग्रिप नुसती शोभेला होती. झीज अशी एका ठिकाणी दिसली तर हात ग्रिपवर पसरून बसत नाहीये हे पक्कं. झीज आतल्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जास्त असेल तर ब्रेकचे लिव्हर फार खाली झुकलेले असण्याची शक्यता मोठी.

आता सीट. हँडलच्या तक्रारीत सीट कुठून आली असं वाटेल, पण माझं अर्ध्याहून जास्त दुखणं इथेच निघालं. मला आधी सीटवर बसताना पुढून टोचायचं, ते मी एका दुरुस्तीवाल्याला सांगितलं आणि त्याने सीटचं पुढचं टोक खाली झुकवून दिलं. टोचणं थांबलं, मी खूश. दोन महिन्यांनी हात दुखायला लागले तेव्हा या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. पुढे कधीतरी सीटवर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवून त्यावर फोनचं लेव्हलचं ॲप लावलं तर 4 अंश उतार. ऐकायला काहीच नाही, पण सीट 27 सेंटीमीटर लांब धरली तर पुढचं टोक मागच्यापेक्षा जवळजवळ 2 सेंटीमीटर खाली. म्हणजे मी अख्खा वेळ पुढे घसरत होतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत होतो, दर मिनिटाला, दर किलोमीटरला. कुठली ग्रिप हे सहन करणार?

सायकल सपाट जमिनीवर उभी करा, पुस्तक ठेवा, मोजा. शून्यावर आणा. शून्यावर टोचत असेल तर एखादा अंश खाली चालेल, पण तीन-चार नाही. टोचतंय म्हणून जास्त झुकवावी लागत असेल तर सीट बदला किंवा तिची उंची तपासा, खूप वर असलेली सीटही पुढून टोचते आणि माणसाला पुढे ढकलते. काही सीटपोस्टवर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्यावर, खाचा असतात आणि एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर गेलं की कोन एकदम दोन-तीन अंशांनी उडी मारतो, तिथे मधला कोन मिळतच नाही, दोन बोल्टवाली पोस्ट असेल तर हवा तसा बारीक फरक करता येतो.

आणि सीट पुढे-मागे. इथे बहुतेक जण उलटं करतात, मीही केलं होतं. हातावर भार येतोय, हँडल लांब वाटतंय, म्हणून सीट पुढे सरकवायची. त्याने हँडल जवळ येतं खरं, पण आपलं धड पायांच्या पुढे जातं आणि तोल सांभाळायला हात आणखी दाबावे लागतात. सीट मागे घेतली तर हँडल थोडं लांब जातं पण वजन पायांवर आणि बुडावर बसतं. तपासायचं कसं? शांत सरळ रस्त्यावर किंवा सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर लावून नेहमीच्या जोराने पेडल मारत असताना, धड जराही न हलवता हात ग्रिपवरून बोटभर वर उचला. दोन-तीन सेकंद तसेच राहता आलं तर ठीक. लगेच पुढे कोसळायला होत असेल तर सीट मागे हवी आहे. गर्दीत हा प्रयोग अजिबात करू नका. मी सीट सपाट केली आणि 8 मिलिमीटर मागे घेतली, मागे घेतल्यावर पेडल थोडं लांब पडतं म्हणून 3 मिलिमीटर खाली केली, आणि पहिल्याच दिवशी हात हलके वाटले. ग्रिप तीच, हँडल तेच.

यानंतर मनगट. नेहमीसारखं बसा, ब्रेकवर बोटं ठेवा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा, किंवा शाळेतली 30 सेंटीमीटरची पट्टी हाताच्या पाठीवरून कोपराकडे आडवी ठेवायला सांगा. कोपरापासून बोटांच्या मुळांपर्यंत पट्टी सरळ टेकली पाहिजे. मनगटापाशी खड्डा दिसत असेल तर मनगट मागे मोडलंय, आणि उंचवटा येत असेल तर पुढे. ब्रेकचे लिव्हर जमिनीला समांतर असले की बोटं तिथे पोचवायला मनगट खाली पडतं, अगदी खाली तोंड करून असले की हात पुढे वळतो आणि भार बेचक्यावर येतो. लिव्हरचा एक बोल्ट सैल करून तो हाताच्या रेषेत आणणं हे पाच मिनिटांचं आणि बिनखर्चाचं काम आहे आणि तरी नवीन सायकलीवर दुकानातून जसे येतात तसेच वर्षानुवर्षं राहतात. पंजा लहान असेल तर लिव्हरवर एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं, आणि ते हात ताणून ताणून चालवत राहतात, विशेषतः मुलं आणि लहान हाताच्या बायका. हा स्क्रू फिरवल्यावर ब्रेक पूर्ण दाबून बघायचा, लिव्हर हँडलला टेकायच्या आत ब्रेक पक्का लागला पाहिजे.

टायरचं थोडक्यात सांगतो. टायरवर जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त हवेचा असतो, तेवढी भरा असं त्यात सांगितलेलं नसतं. तेवढी भरली की रस्त्याचा प्रत्येक खडा हातात येतो. 5 पीएसआयने कमी करून दोन दिवस चालवा, परत 5 ने, किमान आकडाही छापलेला असेल तर त्याच्या खाली मात्र जाऊ नका. फ्रेममध्ये जागा असेल तर रुंद टायर घ्या. हातासाठी एवढ्या कमी कष्टात एवढा फरक पाडणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

हँडलची उंची. हँडल सीटपेक्षा फार खाली असेल तर भार हातावर येणारच. हँडल फ्रेमच्या पुढच्या नळीला धरून ठेवणारा आखूड दांडा म्हणजे स्टेम, आणि आजच्या बहुतेक सायकलींना तो थ्रेडलेस, म्हणजे बाहेरून आवळलेला असतो, त्यात स्टेमच्या वर रिंगा असतील तर त्या खाली घालून हँडल वर घेता येतं, आणि स्टेम उलटा करून लावला तरी कोन बदलतो आणि दोन-चार सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. हे करताना क्रम महत्त्वाचा, उघडताना आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट आणि मग वरच्या झाकणाचा, लावताना आधी वरच्या झाकणाचा बोल्ट हलकेच, हँडल मोकळं फिरतंय पण खुळखुळ नाही इतपत, मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे. झाकणाचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगचा ढिलेपणा काढतो, त्यामुळे तो जीव खाऊन आवळला तर हँडल फिरताना अडकेल. जुन्या सायकलींचा क्विल स्टेम, म्हणजे नळीच्या आत शिरणारा, असेल तर वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्याच्यावर लाकडाचा तुकडा ठेवून टोला मारायचा म्हणजे आतली पाचर सुटते, आणि वर काढताना त्याच्यावर खोदलेली किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये. ती रेघ दिसली तर हँडल हातात येऊ शकतं. आणि कुठल्याही प्रकारात हँडल वर घेतल्यावर ते पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून ब्रेकच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना हे बघा, ताणत असतील तर लांब वायर टाकावीच लागेल.

इतकं करूनही त्रास राहिला तर हँडल स्वतः बघायचं. आणि इथे मला खरंच मनापासून सांगायचंय, कारण हँडलचा आकार हा विषय लोक दिसण्यावर सोडून देतात. एक करून बघा. वर्तमानपत्राच्या दोन घट्ट गुंडाळ्या करा, दोन्ही मुठींत एकेक धरा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा, कोपरं किंचित वाकवून हात पुढे करा, जसं सायकलवर असाल तसं. आता डोळे उघडा. गुंडाळ्या एका सरळ रेषेत नसतात. करंगळीकडची टोकं मागे, तुमच्याकडे वळलेली असतात, बऱ्याच जणांची तर चांगलीच. आपली मूठ नैसर्गिकपणे तशी बसते. आणि आपण तिला बसवतो कशावर, तर जवळजवळ सरळ दांड्यावर. माउंटन बाइकच्या सपाट हँडलचा मागे येणारा कोन साधारण 5 ते 9 अंश असतो. उरलेला कोन मनगट मोडून आपण भरून काढतो, तासन् तास.

डोंगरात उड्या मारायच्या असतील तर सरळ हँडलला कारण आहे, तिथे कोपरं बाहेर काढून ताबा ठेवावा लागतो आणि माणूस सतत हलत असतो. पण रोज कामावर जाणं किंवा एका लयीत लांब जाणं असेल तर 15 ते 30 अंश मागे येणारं हँडल बघाच. जोन्स कंपनीचं एच-बार नावाचं हँडल 45 अंशांचं आहे आणि त्यात पुढे धरायला आणखी एक जागा मिळते. जुन्या पद्धतीची नॉर्थ रोड हँडलं, ज्यांच्या मुठी जवळजवळ आपल्याकडे तोंड करून असतात, ती निवांत चालवायला हाताला फार सुखाची. कार्ल फॉन ड्रेसने 1817 मध्ये जी पहिली दुचाकी केली, पायाने जमीन ढकलत चालवायची ती, तिच्यात पुढे हात टेकवायला गादी लावलेली फळी होती, म्हणजे धडाचा भार हातावर येतो ही गोष्ट पेडल यायच्या आधीपासून माणसाला जाणवलेली आहे.

मागे येणारं हँडल लावताना एक लक्षात ठेवा, मुठी मागे येतात म्हणजे हँडल जवळ आल्यासारखं होतं, माणूस आखडतो आणि वळताना गुडघ्याला टोक लागू शकतं. त्यामुळे बऱ्याचदा स्टेम थोडा लांब घ्यावा लागतो. मी 25 अंशांचं हँडल घेतलं तेव्हा जुन्या 80 मिलिमीटरच्या स्टेमवर मला सायकल लहान झाल्यासारखी वाटली, 100 चा लावल्यावर बसली.

विकत घेण्याआधी मापं घ्या, नाहीतर आणलेलं परत करावं लागतं. सपाट आणि वळणदार हँडलची मूठ बसते तिथली जाडी 22.2 मिलिमीटर, आणि रेसिंगच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची 23.8. म्हणजे एकाचे लिव्हर दुसऱ्यावर बसत नाहीत. स्टेममध्ये पकडलं जातं तिथली जाडी वेगळी, ती बहुतेक 31.8 किंवा जुन्या आणि साध्या सायकलींवर 25.4, काही जुन्या ड्रॉप हँडलवर 26.0, आणि नव्या माउंटन बाइकवर 35. 31.8 च्या स्टेममध्ये 25.4 चं हँडल पत्र्याची रिंग घालून बसतं, उलटं होत नाही. 25.4 आणि 26.0 मध्ये केसाएवढा फरक वाटतो आणि आवळलं की बसल्यासारखंही वाटतं, पण तसं चालवू नका. आणि ड्रॉप हँडल काढून सपाट लावायचं ठरवलं तर लिव्हर, गिअरचे शिफ्टर सगळंच बदलावं लागतं, वर व्ही ब्रेकला, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेल्या ब्रेकला, जास्त वायर खेचणारे लिव्हर लागतात आणि रेसिंग सायकलच्या ब्रेकला कमी खेचणारे, ते चुकले तर ब्रेक एकतर दगडासारखा कडक लागतो पण धरत नाही, नाहीतर मऊ लागून चाक अचानक जाम होतं. हा खर्च हँडलच्या कितीतरी पट जातो, तो आधी मोजा.

रुंदी. हल्लीची सपाट हँडलं 720, 760, 800 मिलिमीटर अशी येतात, आणि मध्यम खांद्याच्या माणसाला रस्त्यावर चालवायला इतकं रुंद नको असतं, हात पसरले की मनगट बाजूला मोडतं आणि भार तळहाताच्या एका कडेवर जातो. पण लगेच करवत काढू नका. ग्रिप आणि लिव्हर दोन-दोन सेंटीमीटर आत सरकवा, बाहेर दांड्याची टोकं राहू द्यात, आठवडाभर चालवा, मग आणखी एक. जिथे खांदे सैल राहतात तिथे थांबा आणि मगच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही. कापल्यावर कड कानशीने घासा आणि टोकाला बूच लावा, उघड्या नळीवर पडलं तर ती कातडी कापत आत जाते. कार्बनचं हँडल असेल तर बारीक दाताचं पातं, टेप आणि तोंडावर मास्क, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

ड्रॉप हँडलवाल्यांसाठी फार लिहीत नाही, त्यांना धरायला चार जागा असतात हीच त्यांची औषधाची पुडी. त्यांनी हूड, म्हणजे लिव्हरच्या बुडाचे हात टेकवायचे रबरी भाग, किंचित वर आणि जरासे आत वळवून बघावेत, टेपखाली जेलची पट्टी घालावी किंवा टेप दुहेरी गुंडाळावी, आणि खांद्याएवढी रुंदी ठेवावी.

आता ग्रिप, आता त्यांचा नंबर. आधी जाडी. फार बारीक ग्रिप आवळून धरावी लागते आणि दाब थोड्याच जागेवर येतो, फार जाड असेल तर लहान पंजा सतत ताणलेला राहतो. मूठ मिटल्यावर बोटांची टोकं तळहाताला रुतायला नकोत आणि फार लांबही राहायला नकोत, थोडीशी फट राहिली की बरोबर. मऊपणावर भुलू नका. दुकानात अंगठ्याने दाबल्यावर जी जेलची ग्रिप उशीसारखी लागते ती धडाचं वजन पडल्यावर चेपून तळाला टेकते, आणि वर ती पिळवटते म्हणून आपण आणखी आवळतो. रस्त्याची बारीक थरथर मारायला सिलिकॉन फोम मला सगळ्यात चांगला वाटला, वजनालाही हलका, फक्त सायकल भिंतीला घासून उभी करायची सवय असेल तर तो फाटतो.

करंगळीवाल्यांसाठी मात्र पंख असलेली ग्रिप, एर्गॉन कंपनीच्या जीपी1 सारखी, कारण ती भार कडेच्या एका बिंदूवरून काढून पूर्ण तळहाताखाली पसरवते. पण तिचा कोन चुकला तर ती साध्या ग्रिपपेक्षा वाईट, आणि माझ्या पहिल्या खेपेला हेच झालं होतं, पंख इतका वर होता की मनगट मागे मोडत होतं. आता असं करा, बोल्ट इतपत सैल ठेवा की ग्रिप जोर लावल्यावर फिरेल, सायकलवर बसा, डोळे मिटून हात ठेवा आणि भार टाका, हातालाच ग्रिप फिरवू द्या. तिथे आवळा. मग ॲलन की खिशात ठेवून चालवायला निघा आणि अर्ध्या तासाने थांबून अगदी 2-3 अंश इकडेतिकडे करून बघा. दुसऱ्या खेपेला मला असे चार वेळा थांबावं लागलं आणि चौथ्यांदा तळहात त्या पंखावर असा टेकला की बोटं उचलली तरी हात घसरला नाही.

ट्विस्ट शिफ्टर असेल, म्हणजे मूठ फिरवून गिअर बदलायचा प्रकार, तर पूर्ण लांबीची ग्रिप बसत नाही, आखूड मागा, शिफ्टर एकाच बाजूला असेल तर एक आखूड आणि एक लांब. आणि ग्रिप पावसात फिरते म्हणून हात दुखतो हीसुद्धा नेहमीची तक्रार आहे, कारण फिरणारी ग्रिप आपण नकळत आवळतो. बोल्टने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिप त्याला उत्तम. साधी रबरी ग्रिप काढायला तिच्याखाली बारीक स्क्रू ड्रायव्हर सरकवून आत स्पिरिट सोडायचं आणि पिळत ओढायची, येते. लावताना हेअर स्प्रे किंवा स्पिरिट आत मारून एका दमात आत ढकलायची, वाळलं की घट्ट बसते. तेल, साबणाचं पाणी, गंज काढायचा स्प्रे यातलं काही वापरू नका, ते आत राहतं आणि चढावर जोर लावताना अख्खी ग्रिप हातात येऊ शकते. रबर चिकट झालं असेल तर ते पुसत बसू नका, विरघळायला लागलंय, बदला.

ग्लोव्हज घ्या पण जाड गादीचे नको. गादी नशीच्या जागेवर न येता तिच्या दोन्ही बाजूंना यायला हवी, नाहीतर ती आणखी एक दाबणारी गोष्ट होते.

एका वेळी एकच बदल करा, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. मी एक छोटी वही केली होती, त्यात सीटचा कोन, लिव्हरचा कोन, टायरची हवा, आणि कितव्या मिनिटाला कुठल्या बोटाला मुंग्या आल्या एवढंच. 40 मिनिटांवरून 55, मग 90, मग त्या रकान्यात नुसती आडवी रेघ. एकदम सगळं बदललं असतं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळलं नसतं. चालवताना कोपरं सैल ठेवा, दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, सपाट हँडलवर जागा कमी वाटत असतील तर लिव्हरच्या आतल्या बाजूला छोटे बार एंड, म्हणजे धरायला शिंगांसारखे तुकडे, लावता येतात, लांबच्या सरळ रस्त्यावर ते फार कामाला येतात, फक्त तिथून ब्रेक लांब पडतो हे ध्यानात ठेवून.

आणि हे सगळं कधी थांबवायचं तेही सांगतो. सायकलवरून उतरल्यावर हात झटकले की पाच-दहा मिनिटांत मुंग्या जात असतील तर वरचं सगळं करून बघा. पण दुसऱ्या दिवशीही बोट बधिर असेल, रात्री झोपेतून मुंग्यांनी जाग येत असेल, शर्टाची बटणं लावताना अडखळत असाल, तर काही आठवडे सायकल बंद आणि डॉक्टर. घरी एक तपासता येतं, अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. तो धरून ठेवायला अंगठ्याचं वरचं पेर वाकवावं लागत असेल तर अल्नार नशीची ताकद कमी झालेली असू शकते, डॉक्टरही असंच तपासतात. नस दबलेली राहिली तर पंजातले बारीक स्नायू बारीक होत जातात आणि ते भरून यायला महिने लागतात, तिथे ग्रिपचे प्रयोग करत बसू नका.

हँडल किंवा स्टेम उघडलात तर पुढच्या पकडीचे चार बोल्ट एक झाल्यावर त्याच्या तिरक्या समोरचा असे थोडे-थोडे आवळा, बहुतेक स्टेममध्ये वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे, आणि किती जोराने आवळायचं याचा स्टेमवर छापलेला आकडा पाळा, बऱ्याचदा तो 5 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. लॉक-ऑन ग्रिपच्या बोल्टला बऱ्याचदा त्याहून कमी लागतं, तिच्यावरचा आकडा बघा. मग पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा, ग्रिपवर वरून पूर्ण वजन टाकून बघा, आणि 50-60 किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत एकदा तपासा, पहिल्या काही दिवसांत ते थोडे सैल होऊ शकतात.